रेटिनॉल चेहऱ्यावर लावायचे आहे? आधी एवढे माहीत हवे

"डॉक्टर, मी रेटिनॉल लावू का?" हा प्रश्न आता त्वचारोगतज्ज्ञांपुरता राहिलेला नाही. ताप-खोकल्यासाठी आलेली कॉलेजची मुलगी जाता जाता तो विचारते, रक्तदाब तपासायला आलेली पन्नाशीची गृहिणी विचारते, आणि अलीकडे पुरुषही विचारतात. बहुतेकांनी बाटली आधीच आणलेली असते. काहींनी आठवडाभर लावून चेहरा सोलून घेतलेला असतो आणि मग ते विचारायला येतात.

रेटिनॉल हे उपयोगी द्रव्य आहे आणि त्यामागे चांगला वैद्यकीय अभ्यास आहे. पण त्याचा फायदा महिन्यांनी दिसतो आणि त्रास मात्र काही दिवसांतच दिसतो. या दोहोंमधल्या काळात घाई केली, की नुकसान होते. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर त्या नुकसानीची खूण काळ्या डागाच्या रूपाने बरेच दिवस राहते. म्हणून "कोणते लावू?" याच्या आधी "कसे लावू, आणि मला ते चालेल का?" हे समजून घेणे महत्त्वाचे आहे.

थोडक्यात

- रेटिनॉल हा 'अ' जीवनसत्त्वाचा एक प्रकार आहे. बारीक सुरकुत्या, खडबडीत त्वचा, सौम्य मुरूम आणि मुरमांनंतरचे डाग यांवर त्याचा उपयोग होतो.
- ते फक्त रात्री, वाटाण्याएवढे, आणि सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच लावावे.
- सकाळी सनस्क्रीन लावणार नसाल, तर रात्री रेटिनॉल लावू नका.
- गरोदर असाल किंवा गर्भधारणेचा प्रयत्न सुरू असेल, तर रेटिनॉल लावू नका.
- फरक दिसायला किमान तीन महिने द्यावे लागतात.

रेटिनॉल म्हणजे नेमके काय?

अंगणवाडीत लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचा डोस पाजतात, तो आपल्या परिचयाचा आहे. हे जीवनसत्त्व डोळ्यांसाठी लागते, तसेच त्वचेसाठीही लागते. त्वचेवर लावण्यासाठी त्याची जी वेगवेगळी रूपे वापरतात, त्या सगळ्यांना मिळून 'रेटिनॉइड' म्हणतात. रेटिनॉल हे त्या कुटुंबातले एक.

या कुटुंबातली भावंडे सौम्य ते तीव्र अशा क्रमाने समजून घेतली, तर बाटलीवरचे नाव वाचणे सोपे जाते:

- रेटिनाइल पाल्मिटेट: सर्वांत सौम्य. अनेक साध्या क्रीममध्ये असते. परिणामही कमीच.
- रेटिनॉल: मध्यम. चिठ्ठीशिवाय मिळते.
- रेटिनाल किंवा रेटिनाल्डिहाइड: रेटिनॉलपेक्षा एक पायरी पुढचे. नाव जवळपास सारखे असल्याने गोंधळ होतो, म्हणून नाव नीट वाचा.
- ट्रेटिनोइन: हेच रेटिनोइक आम्ल. हे औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही.

त्वचेतल्या पेशींना प्रत्यक्षात फक्त रेटिनोइक आम्लच वापरता येते. रेटिनॉल लावले, की त्वचा आधी त्याचे रेटिनाल आणि मग रेटिनोइक आम्ल बनवते. या दोन पायऱ्यांत बरेचसे द्रव्य वाया जाते. त्यामुळे रेटिनॉल हे ट्रेटिनोइनपेक्षा कितीतरी पटींनी सौम्य असते. याचा तोटा म्हणजे परिणाम सावकाश दिसतो. फायदा म्हणजे त्रास कमी होतो.

अ‍ॅडापेलिन आणि टॅझारोटिन ही नावेही तुम्ही ऐकली असतील. ती प्रयोगशाळेत तयार केलेली रेटिनॉइड औषधे आहेत आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरायची आहेत.

त्वचेवर ते काय काम करते?

आपल्या त्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत तयार होत असतात. त्या वर सरकतात, वाळतात आणि गळून पडतात. तरुणपणी या फेरीला साधारण चार आठवडे लागतात. वय वाढते तशी ती मंदावते. रेटिनॉल या फेरीला गती देते. त्यातून चार गोष्टी घडतात:

१. मृत पेशींचा थर साचून राहत नाही. त्वचा हाताला मऊ लागते.
२. केसांच्या मुळाशी असलेली छिद्रे तुंबत नाहीत. त्यामुळे नवे मुरूम कमी येतात.
३. रंगद्रव्याने भरलेल्या पेशी लवकर निघून जातात. डाग फिके होतात.
४. त्वचेच्या खालच्या थरातले कोलॅजेन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन, तयार व्हायला चालना मिळते. उन्हामुळे होणारी त्याची झीजही कमी होते. बारीक सुरकुत्या त्यामुळे कमी होतात.

"रेटिनॉलने कातडी पातळ होते" असा एक समज आहे. पातळ होतो तो वरचा मृत पेशींचा थर. त्याखालचा जिवंत थर उलट थोडा जाड होतो. कातडी खरोखर पातळ करणारे औषध वेगळे आहे, ते म्हणजे स्टेरॉइड. त्याबद्दल पुढे सांगितले आहे.

खरोखर उपयोग होतो का?

ट्रेटिनोइनला अमेरिकेत १९७१ साली मुरमांवरचे औषध म्हणून मान्यता मिळाली. ते लावणाऱ्या वयस्कर रुग्णांच्या सुरकुत्याही कमी होत आहेत, हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांच्या लक्षात आले. पुढे अभ्यास झाले आणि १९९५ साली बारीक सुरकुत्यांसाठीही त्याला मान्यता मिळाली.

रेटिनॉलवरचा मिशिगन विद्यापीठातील एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३६ वृद्ध व्यक्तींनी भाग घेतला होता. त्यांचे सरासरी वय ८७ वर्षे होते. त्यांच्या एका दंडाच्या आतल्या बाजूला ०.४ टक्के रेटिनॉलचे लोशन आणि दुसऱ्या दंडाला रेटिनॉल नसलेले तसेच लोशन लावण्यात आले. लावण्याचे प्रमाण होते आठवड्यातून जास्तीत जास्त तीनदा, आणि कालावधी २४ आठवडे. रेटिनॉल लावलेल्या बाजूच्या बारीक सुरकुत्या स्पष्टपणे कमी झाल्या.

या अभ्यासातून दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे उतारवयातही त्वचा प्रतिसाद देते. दुसरी अधिक महत्त्वाची: रोज न लावताही फायदा झाला, पण त्यासाठी जवळजवळ सहा महिने सातत्य ठेवावे लागले.

साधारण काय अपेक्षा ठेवावी?

- पहिले ४ आठवडे: कोरडेपणा, थोडी साल निघणे. मुरूम असतील तर सुरुवातीला ते थोडे वाढूही शकतात.
- ६ ते ८ आठवडे: त्वचा मऊ लागू लागते.
- ८ ते १२ आठवडे: मुरूम कमी होऊ लागतात.
- ३ ते ६ महिने: डाग आणि बारीक सुरकुत्यांमध्ये फरक.

खोल सुरकुत्या, मुरमांचे खड्डे, लोंबणारी त्वचा आणि डोळ्यांखालचा खोलगटपणा रेटिनॉलने जात नाही. तसे कोणी सांगत असेल, तर विश्वास ठेवू नका.

आपल्या त्वचेला जास्त का जपावे लागते?

इंटरनेटवर दिसणारी रेटिनॉलची बरीचशी माहिती गोऱ्या त्वचेला समोर ठेवून लिहिलेली असते. गोऱ्या त्वचेवर जळजळ झाली, की ती लाल होते आणि काही दिवसांत पूर्ववत होते. आपल्या त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी जास्त सक्रिय असतात. भाजणे, ओरखडा, मुरूम, पुरळ, अशी कोणतीही इजा झाली तरी या पेशी जास्तीचे रंगद्रव्य सोडतात आणि त्या जागी काळसर डाग पडतो. तो जायला महिने लागू शकतात.

म्हणजे डाग घालवण्यासाठी आणलेले रेटिनॉल घाईने लावले, तर त्यानेच नवे डाग पडू शकतात. "साल निघतेय म्हणजे काम करतेय" हा समज त्यामुळे आपल्यासाठी विशेष घातक आहे. थोडा कोरडेपणा चालेल. पण लाली, आग आणि सालपटे हे औषध लागू पडल्याचे लक्षण नसून मात्रा जास्त झाल्याचे लक्षण आहे.

कोणी लावू नये?

गरोदरपणात: 'अ' जीवनसत्त्वाची औषधे पोटातून घेतल्यास बाळात गंभीर जन्मजात व्यंगे होऊ शकतात. मुरमांसाठी दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनोइनच्या कॅप्सूलबाबत हे पक्के माहीत आहे. म्हणून त्या सुरू असताना आणि बंद केल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. त्वचेवर लावलेले रेटिनॉल रक्तात अगदी थोडे जाते. तरीही गरोदरपणात चेहऱ्याच्या सौंदर्यासाठी हा धोका पत्करण्याचे कारण नाही. गर्भधारणेचे नियोजन सुरू केले, की ते बंद करा.

पण दिवस गेल्याचे कळण्यापूर्वी काही आठवडे रेटिनॉल लावले गेले असेल, तर घाबरून जाऊ नका. लावणे थांबवा आणि पुढच्या तपासणीत स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. केवळ चेहऱ्यावरच्या रेटिनॉलच्या भीतीने गर्भपाताचा विचार करू नये. पोटातून आयसोट्रेटिनोइन घेतले गेले असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

स्तनपान सुरू असताना: तातडीची गरज नसते, त्यामुळे पुढे ढकललेले बरे. लावायचेच असेल तर डॉक्टरांना विचारा आणि बाळाच्या तोंडाला किंवा त्वचेला लागणार नाही याची काळजी घ्या.

याशिवाय पुढील व्यक्तींनी विचारल्याशिवाय सुरू करू नये:

- चेहऱ्यावर इसब, सोरायसिस किंवा सतत लाली व आग होण्याचा त्रास असणारे
- सध्या आयसोट्रेटिनोइनच्या कॅप्सूल घेणारे (आधीच कोरडी झालेली त्वचा आणखी सोलली जाते)
- अलीकडे लेझर किंवा केमिकल पील करून घेतलेले
- बराच काळ स्टेरॉइडयुक्त क्रीम लावलेले
- लहान मुले. दहा-बारा वर्षांच्या मुलींना रेटिनॉलची काहीही गरज नसते. वयात येताना मुरूम फार येत असतील, तर बाटली आणण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा.

बाटली घेताना काय पाहावे?

टक्केवारी: सुरुवातीला ०.१ ते ०.३ टक्के पुरेसे आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये नियम करून चेहऱ्याच्या प्रसाधनांतील रेटिनॉलला ०.३ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. आपल्याकडे ०.५ आणि १ टक्क्याच्या बाटल्याही सर्रास मिळतात. पहिली बाटली म्हणून त्या घेऊ नयेत. मोठा आकडा म्हणजे चांगले उत्पादन, असा हिशेब इथे चालत नाही.

बाटलीचा प्रकार: रेटिनॉल प्रकाशाने आणि हवेने खराब होते. पारदर्शक काचेची किंवा रुंद तोंडाची बरणी टाळा. अपारदर्शक नळी किंवा पंपाची बाटली घ्या. स्वयंपाकघराच्या खिडकीत किंवा गाडीच्या कप्प्यात ठेवू नका.

बावचीचा गोंधळ: "वनस्पतीजन्य रेटिनॉल" म्हणून बाकुचिओल विकले जाते. ते आपल्या बावचीच्या बियांपासून काढलेले द्रव्य आहे आणि रासायनिकदृष्ट्या रेटिनॉल नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४४ जणांच्या एका अभ्यासात, १२ आठवड्यांनंतर ०.५ टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा आणि ०.५ टक्के रेटिनॉल एकदा लावणाऱ्यांमध्ये सारखाच फरक दिसला. बाकुचिओलने साल कमी निघाली. अभ्यास लहान आहे, पण संवेदनशील त्वचेसाठी हा पर्याय विचारात घेता येतो. मात्र घरी बावचीचे तेल आणून चेहऱ्याला लावू नका. बावचीत सोरॅलेन हे द्रव्यही असते. पांढऱ्या डागांच्या, म्हणजे कोडाच्या, उपचारात ते वापरतात, कारण त्याने त्वचा उन्हाला अतिशय संवेदनशील होते. तेल लावून उन्हात गेल्यास फोड येऊ शकतात.

मेडिकलमधून मिळणारी "गोरे करणारी" क्रीम: ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. दुकानात "डाग जायला काहीतरी द्या" असे सांगितल्यावर अनेकदा जी नळी हातात पडते, तिच्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टेरॉइड अशी तीन औषधे एकत्र असतात. वांगावर ती ठरावीक काळासाठी, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरतात. स्वतःहून महिनोन्महिने लावली, की आधी चेहरा उजळल्यासारखा वाटतो. नंतर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम येतात, चेहऱ्यावर लव वाढते. क्रीम बंद केले की चेहरा भडकतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. स्टेरॉइड असलेली अशी अनेक क्रीम चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम २०१८ मध्ये केंद्र सरकारने केला आहे.

नळीवर मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी कोणतेही नाव असेल, तर ते रेटिनॉल नाही, स्टेरॉइड आहे. असे क्रीम बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

सुरुवात कशी करावी?

आधी चाचणी: जबड्याच्या कडेला, कानाखाली, मसुराएवढ्या जागेवर तीन-चार रात्री लावून पाहा. फोड, सूज किंवा तीव्र खाज आली नाही, तर पुढे जा.

वेळ: मार्च ते मे या काळात सुरुवात टाळलेली बरी, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात आणि ज्यांना दिवसभर उन्हात किंवा दुचाकीवर फिरावे लागते त्यांनी. घरात लग्न असेल, तर आदल्या महिन्यात नवा प्रयोग नको.

लावण्याची पद्धत:

१. सौम्य फेसवॉशने तोंड धुवा. टॉवेलने घासू नका, टिपून घ्या.
२. त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्या. ओल्या त्वचेवर रेटिनॉल जास्त झोंबते.
३. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर लावा.
४. वाटाण्याएवढे रेटिनॉल घ्या. कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर ठिपके लावून सगळीकडे पसरवा. फक्त डागावर किंवा मुरमावर थापू नका.
५. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा, ओठ आणि ओठांचे कोपरे सोडा.
६. वर पुन्हा मॉइश्चरायझर लावा.

किती वेळा?

- पहिले चार आठवडे: आठवड्यातून दोन रात्री. उदाहरणार्थ सोमवार आणि गुरुवार.
- पुढचे चार आठवडे: त्रास नसेल तर आठवड्यातून तीन रात्री.
- त्यानंतर: एक दिवसाआड.
- रोज लावलेच पाहिजे असे नाही. अनेकांना एक दिवसाआड लावूनच पुरेसा फायदा होतो.

एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लावू नका. अति तिथे माती, हे इथे अगदी शब्दशः खरे ठरते.

सनस्क्रीनशिवाय रेटिनॉल नाही

रेटिनॉलमुळे त्वचा उन्हाला हळवी होते. शिवाय सुरकुत्या आणि डाग या दोन्हींचे मोठे कारण ऊनच असते. रात्री दुरुस्ती करायची आणि दिवसा पुन्हा मोडतोड होऊ द्यायची, यात पैसे आणि कष्ट दोन्ही वाया जातात.

- एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्हींपासून संरक्षण देणारे सनस्क्रीन घ्या.
- चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतके, म्हणजे दोन बोटे भरून लावा. बहुतेक जण याच्या अर्धेही लावत नाहीत.
- उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. घाम पुसल्यावरही लावा.
- वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेले, रंगाची छटा असणारे सनस्क्रीन जास्त उपयोगी. वांग साध्या दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो आणि साधे सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही.
- ओढणी, स्कार्फ, टोपी, छत्री यांना पर्याय नाही. सनस्क्रीन त्यांच्या जोडीला असावे.

पैसे एकाच गोष्टीसाठी असतील, तर आधी सनस्क्रीन घ्या. रेटिनॉल नंतर आले तरी चालेल.

रेटिनॉलसोबत काय टाळावे?

- त्याच रात्री ग्लायकोलिक, लॅक्टिक किंवा सॅलिसिलिक आम्ल असलेले सिरम किंवा फेसवॉश.
- दाणेदार स्क्रब, अक्रोडाच्या सालीचा स्क्रब, बेसनाने जोरजोरात चोळणे.
- लिंबाचा रस. तो एरवीही चेहऱ्यावर लावू नये.
- ब्लीच आणि फेशियल, निदान सुरुवातीच्या तीन महिन्यांत.
- बेन्झॉइल पेरॉक्साइडचे क्रीम डॉक्टरांनी दिले असेल, तर ते सकाळी आणि रेटिनॉल रात्री असे वेगळे ठेवावे का, हे त्यांना विचारून घ्या.
- वरच्या ओठाचे वॅक्सिंग. रेटिनॉल सुरू असताना मेणासोबत कातडीही निघून येऊ शकते. वॅक्सिंगच्या आधी किमान आठवडाभर रेटिनॉल थांबवा आणि पार्लरमध्ये तसे सांगा. थ्रेडिंगच्या आधी दोन-तीन दिवस थांबवलेले बरे.
- पुरुषांनी रेटिनॉल लावलेल्या रात्रीनंतर सकाळी दाढी करताना जपून करावी. आग होत असेल, तर त्या दिवशी दाढी करू नये.

त्रास झाला तर काय करावे?

थोडा कोरडेपणा किंवा हलकी साल: दोन-तीन रात्री थांबा, मॉइश्चरायझर वाढवा. नंतर पुन्हा आठवड्यातून एकदा असे सुरू करा.

लाली, आग, पाणी लागले तरी झोंबणे: रेटिनॉल आणि बाकी सगळी सिरम बंद करा. फक्त सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन ठेवा. त्वचा पूर्ण शांत होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते चार आठवडे, पुन्हा सुरू करू नका. कोरफड, हळद, चंदन, टूथपेस्ट यांपैकी काहीही वर लावू नका. दुखावलेल्या त्वचेला त्यांचीही ॲलर्जी येऊ शकते.

मुरूम वाढले: पहिल्या सहा आठवड्यांत थोडे वाढणे अपेक्षित आहे. त्यापुढेही वाढतच राहिले, मोठ्या दुखऱ्या गाठी आल्या किंवा पूर्वी कधी येत नव्हते अशा जागी आले, तर लावणे थांबवून दाखवा.

चेहऱ्यावरची प्रत्येक खूण रेटिनॉलची नसते

त्वचेवर दिसणाऱ्या काही खुणा शरीराच्या आतल्या आजाराच्या असतात. त्यांवर रेटिनॉल लावत बसलो, तर निदानाला उशीर होतो.

- मान आणि काखेतील मखमलीसारखा काळेपणा: हा मळ नव्हे आणि डागही नव्हे. वाढलेले वजन आणि इन्सुलिनला शरीराचा कमी प्रतिसाद हे त्याचे नेहमीचे कारण. घासून किंवा क्रीम लावून जात नाही. रक्तातील साखर तपासा.
- हनुवटी-जबड्यावरचे हट्टी मुरूम, अनियमित पाळी आणि चेहऱ्यावर लव: पीसीओएसची शक्यता असते. तपासणी करून घ्या.
- दोन्ही गालांवर वांग: गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि ऊन यांचा संबंध असतो. गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.
- फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर स्पर्श किंवा गरम-गार नीट कळत नाही: हे कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. उपचार मोफत आहेत आणि वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.
- वाढणारा, रंग बदलणारा, रक्त येणारा तीळ किंवा न भरणारी जखम: वेळ न घालवता दाखवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोणत्या वयापासून लावावे?
ठरावीक वय नाही. बारीक सुरकुत्यांसाठी तिशीच्या आसपास सुरू करणे पुरेसे आहे. साठीनंतर सुरू केले तरी उपयोग होतो, मात्र त्या वयात त्वचा कोरडी असते, म्हणून आठवड्यातून एकदाच सुरुवात करा.

बंद केले तर चेहरा आधीपेक्षा खराब होईल का?
नाही. मिळालेला फायदा हळूहळू ओसरतो आणि वयानुसार होणारे बदल पुढे सुरू राहतात. रेटिनॉलची सवय लागत नाही.

गाजराचा रस प्यायल्याने किंवा 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हेच होईल का?
गाजर, पपई, आंबा, पालेभाज्या जरूर खा. त्या आरोग्यासाठी चांगल्या आहेत, पण रेटिनॉलसारखे काम करत नाहीत. 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. हे जीवनसत्त्व शरीरात साठते आणि जास्त झाल्यास यकृताला इजा होते. गरोदर स्त्रीच्या बाळालाही धोका असतो.

रंग उजळतो का?
डाग फिके झाल्याने चेहरा एकसारखा दिसतो. मूळ रंग बदलत नाही, आणि तो बदलण्याची गरजही नाही.

डोळ्यांखाली लावू का?
तिथली त्वचा सर्वांत पातळ असते. डोळ्यांसाठी बनवलेले सौम्य क्रीम असेल तरच, आणि हाडाच्या कडेवरच लावा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

पुढीलपैकी काहीही झाल्यास रेटिनॉल थांबवा आणि दाखवा:

- चेहरा किंवा पापण्या सुजणे, फोड येणे, पाणी वाहणे (श्वास घ्यायला त्रास झाल्यास लगेच रुग्णालयात)
- आग व लाली आठवड्यात कमी न होणे
- नवे काळे डाग दिसू लागणे
- दिवस गेल्याची शंका येणे
- नियमित लावूनही सहा महिन्यांत काहीच फरक न पडणे

येताना वापरात असलेल्या सगळ्या बाटल्या, नळ्या आणि त्यांची खोकी सोबत आणा. "पांढऱ्या झाकणाचे क्रीम" एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही. नावे वाचली, की निम्मे निदान तिथेच होते.

रेटिनॉल सुरू करायचे ठरवलेच असेल, तर आज फक्त सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझर सुरू करा. ही दोन्ही महिनाभर न चुकता लावता आली, तर त्यानंतर आठवड्यातून दोन रात्री रेटिनॉल लावायला हरकत नाही.